सरगुंड्यातली काडी

करीच्या दिवशी कोंबडा कापला, पण नीट जेवलं कोणीच नाही.
पहिला घास तोंडात, आणि तुमसरहून जावयाचा फोन :
ललिताच्या पोटात दुखतंय. महिनाभर आधीच.
पंचफुला हात न धुता उठली.
धुतलाही असेल, मला आठवत नाही,
एवढंच आठवतं की ऑटोत बसताना
तिच्या बोटांवर तिखटाचा तांबडा रंग होता
आणि ती म्हणाली, रस्सा फ्रिजमधी ठेवा जी, भुलू नका.

ठेवला.
मग रात्रभर अख्ख्या गावाचा फ्रिज चालवायचा होता मला.
पाऊस आला की डीपीचा फ्यूज जातो,
फ्यूज गेला की सारं गाव माझं नाव घेतं,
आईमाईसकट.
दोन वाजता खांबावरून उतरलो, तसाच झोपलो.

आज संध्याकाळी झाकण काढलं.
मान, पाठ, दोन पंख,
आणि एक तंगडी,
पंचफुलाच्या ताटातून तशीच परत आलेली.
मास सोडवून वेगळं ठेवलं,
हाडं गंजात, लसणाच्या चार पाकळ्या, हळद,
चुलीत तुराट्या.
फोन मिठाच्या डब्याला टेकवून उभा केला.

पानी किती टाकलं?
गंजभर.
कोन्या गंजाचं?
घरात गंज तीन आहेत.
रोजचा, भाताचा आणि पावण्यांचा.
तेहतीस वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं,
म्हणजे मी विचारलं नव्हतं.

ललिता कशी आहे?
हाये. डॉक्टरीन म्हणते, थांबा.
मग दोघंही थांबलो.
इकडे हाडांची बुडबुड,
तिकडे दवाखान्याच्या पंख्याची खडखड.
मधे सत्तावीस किलोमीटर ओलं धान.
अचानक ती म्हणाली, जाळ कमी करा जी, उतू चाललं.
पाहिलं तर खरंच फेस काठाशी आला होता.
तेहतीस केव्हीच्या खाली उभा राहणारा माणूस मी,
एक तुराटी ओढताना बोट भाजून घेतलं.

सरगुंडे कोठी घरात, वरच्या पिंपात.
उन्हाळ्यात दोघींनी वळले होते खाटेवर बसून,
शिंदीच्या काडीवर कणकेची दोरी फिरवत,
आणि ललिता मधेमधे उठून
न्हाणीकडे धावत होती, पिठाचा वास सहन होत नाही म्हणून.
तेव्हा आम्हाला कळलं.
आता ते वाळून हाडासारखे झालेत,
मुठीत धरले की खुळखुळतात.
दोन मुठी टाका, ती म्हणाली, तीन नका टाकू, फुगतेत.
मी तीन टाकल्या.
भूक माझी होती.

तिखट टाकणार तेवढ्यात, थांबा!
आधी अळणी काढून ठेवा डब्यात.
कोणासाठी, ते तिने सांगितलं नाही.
मी चार पळ्या काढल्या, मग पाचवी,
गाळून, तळाशी मासाचे बारीक तुकडे,
झाकण दोनदा आवळून पाहिलं.
सकाळी तुमसरची पहिली गाडी साडेसहाला.
मग माझ्या वाटणीच्या गंजात तिखट, मीठ, मूठभर सांबार.

खायला बसलो, ती ऐकतच होती.
कसं झालं, विचारलं नाही तिने.
चौथ्या घासाला दाताखाली कडक काही आलं.
काडी लागली का? ती म्हणाली.
लागली.
ललितानं वळलेला असन तो.
तिले काडी ओढाचं ध्यानच नाही रायत.
आणि हसली असं वाटलं,
पण मागून कोणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला.

काडी जिभेवर फिरवत बसलो.
हाडांच्या पाण्यात शिजूनही तिला शिंदीची चव होती,
थोडी कडवट, थोडी उन्हाळ्याची.
थुंकली नाही. ताटाच्या कडेला ठेवली.

तिसऱ्या मुठीनं आपलं काम केलं होतं :
सरगुंडे फुगून रस्सा पिऊन बसलेले,
गंजात सूप कमी, लगदा जास्त.
तरी बोटं चाटली.
गंज घासायला घेतला, आणि लाईट गेली.
सांदवाडीपलीकडून पहिली शिवी ऐकू आली.
मग फोन वाजला.

गावाचा असेल, नाहीतर तुमसरचा,
अंधारात नाव वाचायला चश्मा सापडेना.
ओल्या हाताने काही उचलायचं नाही,
हे मी नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो.
उचलला.